मे महिन्यातला वशिला

आमच्या कॉलेजातल्या एका मुलीने एका डिसेंबरात ४३ ईमेल पाठवले. ती तेव्हा एस. वाय. बी.एस्सी.ला होती. सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला त्या रात्री तिने सुरुवात केली. पुणे, मुंबई, नागपूर, बेंगळुरू इथल्या प्रयोगशाळांच्या वेबसाइटी मोबाइलवर उघडायच्या, ज्यांच्या नावापुढे नॅनो, थिन फिल्म, पॉलिमर असं काही दिसेल त्यांचे पत्ते वहीत उतरवायचे आणि रोज दोन-तीन पत्रं धाडायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने आपल्याकडे काम शिकायची इच्छा आहे, एवढाच मजकूर. इंग्रजी मी तपासून दिलं होतं. फेब्रुवारीत तिने ती वही मला आणून दाखवली. नाव, तारीख आणि उत्तरासाठी पट्टीने आखलेला रकाना. ४३ पैकी दोनच रकान्यांत अक्षर होतं. एक उत्तर यंत्राने आपोआप धाडलेलं, अमुक तारखेपर्यंत साहेब परदेशी आहेत असं. दुसरं एका ओळीचं : आपण कोणाच्या संदर्भाने लिहीत आहात?

तिने मला विचारलं, “सर, संदर्भ म्हणजे कुठलं पुस्तक वाचलं ते लिहायचं का?”

त्याच डिसेंबरात मी एक फोन केला होता. माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा इंजिनिअरिंगला होता, त्याला उन्हाळ्यात कुठेतरी मटेरियल्सच्या प्रयोगशाळेत काम हवं होतं. माझ्याबरोबर एम.एस्सी.ला असलेला एक मित्र मोठ्या संस्थेत आहे. चार मिनिटं बोलणं झालं, त्यातली तीन जुन्या मेसबद्दल. “पाठव त्याला, बघू,” मित्र म्हणाला, आणि काम झालं. मुलगा गुणी होता. तिथे त्याने मन लावून काम केलं, मित्राने नंतर कौतुकही कळवलं. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही, मित्राबद्दलही नाही. तक्रार माझ्याबद्दल आहे. फोन करताना मला त्या मुलीची आठवणसुद्धा झाली नाही. दोन महिन्यांनी ती वही टेबलावर उघडी पडली तेव्हा झाली.

वशिला हा शब्द आपण तलाठी, बदली, नोकरी आणि देवळातल्या रांगेसाठी राखून ठेवला आहे. विज्ञानाच्या अंगणात तो येत नाही, तिथे गुणवत्ता चालते, अशी आपली समजूत. तिथे त्याचं नाव फक्त बदललं आहे. ‘ओळखीतला मुलगा आहे’, ‘माझ्या मित्राने पाठवलाय’, ‘संदर्भ काय?’ आणि हल्ली ‘नेटवर्किंग’. ज्याच्या घरात कोणी प्राध्यापक नाही, ज्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाचा मित्र मोठ्या संस्थेत नाही, त्याला हे नेटवर्क कुठे विकत मिळतं ते कोणी सांगत नाही.

उन्हाळ्यातले दोन महिने हे असं काय मोठं घबाड आहे, असं कोणी विचारील. इतर विषयांचं मला ठाऊक नाही. नॅनोतंत्रज्ञान आणि पदार्थविज्ञानाचं मात्र ठाऊक आहे, कारण हा विषय हातांनी शिकायचा आहे. पुस्तकात तुम्ही वाचता की नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर, आणि वस्तू काही नॅनोमीटरपर्यंत बारीक केली की तिचे गुण बदलतात. हे वाक्य आमची मुलं परीक्षेत सुरेख लिहितात. त्याचा अर्थ त्यांना लागतो तो सोन्याचा रंग डोळ्यांसमोर पालटतो तेव्हा.

मला स्वतःला तो वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी लागला. आपल्या देशातल्या तीन विज्ञान अकादम्या, बेंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून उन्हाळी संशोधनाची एक शिष्यवृत्ती चालवतात. विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं, विद्यावेतन मिळतं, जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं मिळतं. फारशा लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की त्याच योजनेत कॉलेजातल्या शिक्षकांनाही अर्ज करता येतो. मी केला, आणि एका मे महिन्यात एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत जाऊन पोचलो. चोवीस-पंचवीस वर्षांची एक पीएच.डी. करणारी मुलगी मला शिकवायला. पहिल्या दिवशी तिने सोन्याचे नॅनोकण करायला दिले.

कृती साधी आहे. जॉन टर्केविच यांनी १९५१ मध्ये मांडलेली, आजही जगभर नवशिक्याला हीच देतात. सोन्याचा क्षार, क्लोरोऑरिक आम्ल, पाण्यात विरघळवायचं. फिकट पिवळं पाणी होतं. ते उकळायला ठेवायचं, खाली चुंबकाची कांडी फिरत राहते. उकळी फुटली की सोडियम सायट्रेटचं द्रावण एकदम ओतायचं. लिंबात असतं त्याच सायट्रिक आम्लाचा हा क्षार. पिवळेपणा जातो, पाणी नितळ होतं आणि वाटतं की फसलं. मग शाईचा थेंब पडल्यासारखी करडी-निळसर झाक येते, ती गडद होते, जांभळ्याकडे झुकते आणि काही मिनिटांत फ्लास्क माणकासारखा लाल होतो. पंधरा-वीस नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात तरंगत असतात. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये असंच लाल सोनं करून त्यावर व्याख्यान दिलं होतं. तेव्हा हे कण दिसतील असा सूक्ष्मदर्शक जगात नव्हता.

माझा फ्लास्क लाल झाला नाही. निळा-काळा झाला आणि तळाला गाळ बसला. मी पंचवीस वर्षं केमिस्ट्री शिकवत होतो. पाण्याचा दोष, क्षार जुना, तापमान कमी, अशी कारणं मी मनात जुळवत होतो. त्या मुलीने फ्लास्क उजेडाकडे धरला आणि एवढंच विचारलं, “सर, फ्लास्क कोणी धुतला?”

मी धुतला होता. साबणाने, ब्रशने, चार पाण्यांनी, अगदी आमच्या कॉलेजातल्यासारखा. सोन्याच्या कणांना ते पुरत नाही. काचेवर आधीच्या प्रयोगाचा धूसरसा अंश जरी राहिला तरी वाढणारे कण त्याला धरून गोळा होतात. फ्लास्क अम्लराजाने धुवावा लागतो, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, फ्यूम हूडच्या आत, हातमोजे आणि चष्मा घालून. अम्लराज सोनं विरघळवतं हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो. ते फ्लास्क धुवायलाही लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण पुस्तक लिहिणाऱ्यालाही ते सांगण्यासारखं वाटलं नसावं. क्षार तोलायला स्टीलचा चमचा चालत नाही, सोनं त्या चमच्यावरच उतरतं, हेही मला तिथेच कळलं. चमचा काळा पडल्यावर.

असं ज्ञान पुस्तकात नसतं, ते हाताकडून हाताकडे जातं. सुतारकाम, कुंभारकाम, गळा तयार करणं, सगळ्यांची रीत हीच. म्हणून त्या ज्ञानाच्या दारात कोण उभा आहे आणि तो कोणाला आत सोडतो, हा प्रश्न नैतिक ठरतो. आपल्या समाजाला या प्रश्नाची ओळख नव्याने करून द्यायला नको. कोणती विद्या कोणाच्या कानावर पडावी याचा हिशेब आपण शतकानुशतकं ठेवला. आज तो हिशेब जातीच्या नावाने कोणी मांडत नाही. मे महिन्यात प्रयोगशाळेत उभी असलेली मुलं मोजा, त्यांच्या आईवडिलांचे व्यवसाय विचारा, म्हणजे हिशेबाची ती वही अजून चालू आहे हे दिसेल.

आणि ही प्रयोगशाळा कोणाच्या पैशावर उभी आहे? केंद्र सरकारने २००७ मध्ये नॅनो मिशन सुरू केलं तेव्हा पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपये ठेवले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले, क्लीनरूम उभ्या राहिल्या. तो पैसा आमच्या कोकणातल्या आंबेवाल्याने भरलेल्या करातलाही आहे. त्यातून घेतलेल्या यंत्राशेजारी उभं राहायला मिळणं ही शास्त्रज्ञाची मेहेरबानी कशी असेल?

सरळ दरवाजे आहेत, नाहीत असं मी म्हणत नाही. अकादम्यांची योजना आहे. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्राची आहे. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या मुलांसाठी कार्यक्रम चालवतं. यातल्या कुठल्याच ठिकाणी वशिला लागत नाही, अर्ज लागतो. पण अर्ज कधी मिटतात? अकादम्यांचे नोव्हेंबरच्या सुमारास. मे महिन्याचा विचार नोव्हेंबरात करायचा असतो हे ज्याला ठाऊक आहे त्याचं निम्मं काम झालं. आमच्याकडे नोव्हेंबरात सेमिस्टरच्या परीक्षा चालू असतात, मुलं झेरॉक्सच्या दुकानात असतात आणि नोटीस बोर्डावर परीक्षेचं वेळापत्रक, शिष्यवृत्तीची मुदतवाढ आणि हरवलेल्या ओळखपत्राची चिठ्ठी असते. अर्जाबरोबर शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. मोठ्या शहरातल्या नामांकित कॉलेजात असं पत्र कसं लिहितात हे शिक्षकाला माहीत असतं. आमच्याकडे ‘सदर विद्यार्थिनी नियमित हजर असते व तिची वर्तणूक चांगली आहे’ असं लिहून कॉलेजचा शिक्का मारतात. चारित्र्याचा दाखला होतो तो. मुलीने बंद पडलेला पीएच मीटर स्वतः उघडून दुरुस्त केला होता हे त्यात येत नाही, कारण तसं लिहायचं असतं हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं. मी अशी पत्रं डझनांनी लिहिली आहेत.

परीक्षांचं म्हणाल तर आपल्या बऱ्याच विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा मे महिन्यात, कधी जूनपर्यंत सांडतात. संशोधन संस्था म्हणतात पंधरा मेपर्यंत हजर व्हा. मुलाच्या हातात एका बाजूला निवडीचं पत्र आणि दुसऱ्या बाजूला हॉलतिकीट. कुलगुरूंच्या एका सहीने सुटेल असा हा गुंता आहे.

आता पैशाकडे येतो, कारण खरं कुलूप तिथे आहे.

ज्या जागा योजनेबाहेरच्या, ओळखीतून मिळणाऱ्या असतात, त्यांतल्या पुष्कळशा बिनपगारी असतात. “शिकायला मिळतंय ना, आणखी काय हवं?” असं सांगितलं जातं. पुण्यात किंवा मुंबईत दोन महिने राहायचं म्हणजे खोली, मेस, बस आणि लोकलचा पास. आमच्याकडच्या घरांत हा खर्च नुसता खर्च नसतो, त्याला दुसरी बाजू असते. मे म्हणजे कोकणात आंब्याचा हंगाम. ती वही घेऊन आलेली मुलगी त्या उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या भरत होती. फळ हातात घ्यायचं, डाग बघायचा, वजनाने प्रत लावायची, पेंढ्यात डेखाच्या बाजूने नीट बसवायचं. संध्याकाळी तिला हजेरी मिळत होती. ज्या वाडीत ती आंबे भरायला जायची तिथल्या मालकाला कोणी नैतिकतेचे धडे दिले नव्हते, पण कोणाला दिवसभर राबवून घेऊन ‘शिकायला मिळालं ना’ म्हणावं असं त्याच्या मनातही आलं नसतं.

प्रयोगशाळेतलं विद्यार्थ्याचं काम हे काम असतं. तो काचसामान धुतो, द्रावणं करतो, भट्टीपाशी चार तास बसून दर दहा मिनिटांनी तापमान लिहितो, एक्स-रे डिफ्रॅक्शनचे आलेख संगणकावर चढवतो. त्याच्या श्रमावर कोणाचा तरी प्रबंध पुढे सरकतो. मोबदला द्यायचा नाही असं ठरवलं की ज्याला फुकट राबणं परवडतं तोच येतो. पुढे तोच ‘संशोधनाचा अनुभव’ म्हणून अर्जात लिहितो, त्या अनुभवावर त्याला पुढची जागा मिळते, आणि दहा वर्षांनी निवड समितीवर बसून तो म्हणतो, ग्रामीण भागातून चांगले अर्जच येत नाहीत हो.

महाराष्ट्राला तर यावरचं उत्तर कधीचं माहीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ ही रीत रुजवली. विद्यार्थ्याने श्रम करावेत, त्या श्रमाचं मोल व्हावं आणि त्या मोलावर त्याने मान ताठ ठेवून शिकावं. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच पायावर. त्यांनी श्रमाला शिक्षणाचा भाग मानलं, पण श्रम फुकट घेतले नाहीत, ही गोष्ट आपण उत्सवमूर्तीला हार घालताना विसरतो. आजही आपल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत ‘कमवा व शिका’ योजना चालते. तिच्यातली मुलं काय करतात ते जाऊन बघा. बागेला पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, कार्यालयात कागद फाइलला टाचतात. त्या कामांना कमी लेखायचं कारण नाही. पण सायन्सच्या मुलाच्या हातात पाइप आणि कात्रीच का? तोच मुलगा त्याच तासांत, त्याच दराने प्रयोगशाळेत थिन फिल्म का करू नये? नवी योजना नको, नवा निधी नको. हजेरीपटावर ‘बाग’ लिहितात तिथे ‘प्रयोगशाळा’ लिहायचं. हे मी एका बैठकीत सुचवलं तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “मग बागेला पाणी कोण घालणार?”

अमेरिकेची उदाहरणं द्यायची मला फारशी हौस नाही, पण एक नियम उचलण्यासारखा आहे. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाची योजना १९८७ पासून चालू आहे. नॅनो आणि मटेरियल्सची कितीतरी केंद्रं तिच्यात आहेत. साधारण आठ-दहा आठवडे काम, विद्यावेतन आणि बहुधा राहण्याची सोय. आपल्या मुलांना तिचा उपयोग नाही, ती त्यांच्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे. पण पैसे घेणाऱ्या संस्थेवर अट अशी की सगळी मुलं आपल्याच घरची घ्यायची नाहीत. बाहेरची घ्यायची आणि ज्या कॉलेजांत संशोधनाची सोय तोकडी आहे तिथली निम्मी तरी घ्यायची. दानत आपोआप येत नाही, ती अटीत लिहावी लागते, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे सरकारी प्रकल्पाचा निधी मंजूर करताना यंत्र, रसायनं, प्रवास असे रकाने असतात. ‘बाहेरच्या कॉलेजातले दोन उन्हाळी विद्यार्थी, विद्यावेतनासह’ असा आणखी एक घातला तर ज्या रकमेत एक सूक्ष्मदर्शक येतो तिच्यापुढे हा खर्च चिल्लर आहे.

शास्त्रज्ञांची बाजू मी ऐकली आहे. दोन महिन्यांत काय होतं? मुलगा शिकेपर्यंत जायची वेळ येते. यंत्र बिघडवलं तर? माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा वेळ जातो तो वेगळाच. यातलं काही खोटं नाही. ४३ ईमेलांना उत्तर देणं माणसाला शक्य नाही हेही मान्य. म्हणून तर उत्तर देण्याचं काम एकेका माणसाच्या दानतीवर सोडू नये, संस्थेने एक अर्ज, एक तारीख आणि एक यादी ठेवावी. ज्या संस्था ठेवतात त्यांचं काम अडलेलं नाही. यंत्र बिघडण्याचं म्हणाल तर ओळखीतून आलेल्या मुलाच्या हातून ते बिघडत नाही असा अनुभव कोणाला आहे का?

मुलींच्या बाबतीत आणखी एक पायरी असते. “दोन महिने एकटी पुण्याला?” हा प्रश्न बाप विचारतो तेव्हा त्याला मागासलेला ठरवून मोकळं होणं सोपं आहे. त्याला वसतिगृहाचं नाव हवं असतं, वॉर्डनचा फोन नंबर हवा असतो एवढंच. निवडीच्या पत्रात ‘निवासाची व्यवस्था विद्यार्थ्याने स्वतः करावी’ हे वाक्य असलं की आमच्याकडची निम्म्याहून अधिक पत्रं चुलीत जातात. मे महिन्यात वसतिगृहं रिकामी असतात आणि खोल्यांना कुलपं असतात.

आणि सर्टिफिकेटांचा बाजार. नव्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिप आणि ओजेटीला, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला, श्रेयांक मिळू लागले, इंजिनिअरिंगला तर ती आधीपासूनच मागतात. हेतू चांगला. पण जागा शेकड्यांनी आणि मुलं लाखांनी, मग व्हायचं तेच झालं. पैसे भरा, चार व्हिडिओ बघा, ‘नॅनोतंत्रज्ञानातील इंटर्नशिप’ असा सोनेरी किनारीचा कागद घ्या. हा कागद विकणाऱ्याइतकाच तो बघून न बघितल्यासारखं करत गुण भरणारा शिक्षक दोषी आहे. त्या सोनेरी किनारीत जेवढं सोनं असतं तेवढंच त्या मुलाने हाताळलेलं असतं.

इथवर मी दुसऱ्यांकडे बोट दाखवलं. आता आमच्या स्वतःच्या कपाटाकडे.

त्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतून परत आल्यावर मी काय केलं? प्रमाणपत्र फ्रेम करून स्टाफरूममध्ये लावलं. पुढची चार वर्षं मे महिन्यात आमची प्रयोगशाळा बंद होती, जशी आधीची पंचवीस वर्षं होती. किल्ली कार्यालयात, अटेंडंट सुट्टीवर, आणि साठा नोंदवहीत प्रत्येक ब्युरेटचा हिशेब. आमच्याकडे विद्यार्थ्याकडून पहिल्या दिवशी ब्रेकेजची अनामत घेतात. काच फुटण्याची भीती आधी आणि शिकण्याची सुरुवात मग, असा तो क्रम. फुटलं तर कोण भरणार, या एका प्रश्नावर महाराष्ट्रातल्या किती प्रयोगशाळा उन्हाळाभर बंद राहत असतील!

मोठी यंत्रं नाहीत ही आमची नेहमीची सबब. घाट चढून कोल्हापूरला गेलं की ती सबब गळून पडते. शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी थिन फिल्मचं जे काम वर्षानुवर्षं केलं, ते बरंचसं बीकरमधलं आहे. निर्वात पंपांची महागडी यंत्रं न वापरता रासायनिक द्रावणातून काचेवर पातळ थर बसवण्याची पद्धत. तिचा एक प्रकार तर कमालीचा साधा आहे. चार बीकर ओळीने मांडायचे. काचपट्टी पहिल्या द्रावणात बुडवायची, धनभारित आयन तिला चिकटतात. दुसऱ्यात, नितळ पाण्यात, खळबळायची, जास्तीचं निघून जातं. तिसऱ्यात बुडवायची, ऋणभारित आयन येऊन मिळतात आणि थर तयार होतो. चौथ्यात पुन्हा धुवायची. एक फेरी झाली. अशा पन्नास, शंभर, दोनशे. काचेवर हळूहळू रंग चढतो. या पद्धतीवर पठाण आणि लोखंडे यांनी लिहिलेला आढावा २००४ मध्ये ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये आला. जगभरचे संशोधक तो धुंडाळतात आणि तो फुकट वाचता येतो. बीकर, पाणी, घड्याळ आणि न कंटाळणारा हात, एवढंच भांडवल. हे सगळं आमच्या कॉलेजात होतं. थर जमला की नाही हे बघायला यंत्र लागतं, पण त्यासाठीही आयआयटी मुंबईत बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासणारी सोय आहे. नमुना पाठवायचा, तारीख घ्यायची, वाट बघायची.

ती वही बघितली त्याच्या पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही प्रयोगशाळा उघडली. प्राचार्यांनी किल्ली दिली, वर एक कागद लिहून घेतला की फुटतुटीस मी जबाबदार. चार मुलं आली, त्यांत ती एक होती. टी. वाय. संपवून. सकाळी सात ते अकरा काम, कारण त्यानंतर पत्रा तापतो. एक ग्रॅम सोन्याचा क्षार मी पदरचे पैसे घालून आणला. किंमत ऐकून घरी दोन दिवस अबोला होता. पण एका प्रयोगाला साधारण दहा मिलिग्रॅम लागतं, म्हणजे एका कुपीत शंभर प्रयोग. फ्यूम हूडचा पंखा कित्येक वर्षं बंद होता. मोटार रिवाइंड करून आणली ती गावातल्या पंपवाल्याकडून. मुलांना मी विद्यावेतन देऊ शकलो नाही, हे इथे लिहायलाच हवं. बिनपगारी कामाविरुद्ध एवढं लिहिणाऱ्या माणसाने पहिल्या वर्षी चार मुलांना बिनपगारी राबवलं. दुसऱ्या वर्षी माजी विद्यार्थ्यांकडून थोडे पैसे उभे केले. ते आंब्याच्या हजेरीपेक्षा कमीच होते आणि अजूनही कमीच आहेत.

पहिल्या आठवड्यात तिच्या हातून लाल सोनं झालं नाही. जांभळ्यावर अडकायचं. सहाव्या खेपेला जमलं. तिने त्यातलं थोडं परीक्षानळीत घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि लालाचं निळं होताना बघत बसली. मिठामुळे कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार झाकला जातो, कण एकत्र येतात, रंग सरकतो. मी समजावून सांगायला लागलो तर म्हणाली, “थांबा सर, एकदा परत बघते.”

ती आज शास्त्रज्ञ नाही. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट आहे. शिफ्ट असते, बस असते, घरी पगाराची गरज असते. त्या ४३ पैकी एकाने जरी वेळेत उत्तर दिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी करतो. ती करते की नाही मला ठाऊक नाही, विचारायचा धीर झालेला नाही. मे महिन्यातल्या दोन-तीन सुट्ट्यांना ती सकाळच्या एसटीने येते आणि मुलांमध्ये उभी राहते.

गेल्या मे महिन्यात आली तेव्हा एफ. वाय.चा एक मुलगा रडकुंडीला आला होता. त्याचा फ्लास्क निळा-काळा झाला होता, तळाला गाळ. पाणी बदलायला हवं, क्षार जुना झालाय, असं तो मला सांगत होता. तिने पर्स टेबलावर ठेवली, फ्लास्क खिडकीच्या उजेडाकडे धरला.

“कोणी धुतला रे हा?”